खण क्रमांक सदतीस

खण ओढला की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो,
मग जुन्या पिसांचा,
मग नाकाला सवय होते.
अकरा तित्तिर. उताणे.
डोळ्यांत कापूस, पाय एकावर एक बांधलेले,
आणि पायाला चिठ्ठी, शवागारात असते तशी.
फक्त इथलं अक्षर बरं.

माझं काम सोपं आहे.
चिठ्ठी वाचायची, आकडा टंकायचा, फोटो, पुढचा.
दिवसाला ऐंशी. कंत्राट मार्चअखेर.

सातव्यापाशी हात थांबला.

तित्तिराचा गळा पिवळट असतो,
त्याभोवती काळी बारीक रेघ,
मणी गहाण पडून नुसता दोरा उरलेल्या मंगळसूत्रासारखी.
पोटावर आडव्या रेघा, चौरेघी वहीच्या.
नराच्या टाचेला आर.

याच्या पोटावर रेघा नाहीत, ठिपके आहेत;
काळ्या लुगड्यावर कुणी तांदूळ सांडले
आणि वेचायचे राहिले.
तोंड विटकरी. गळ्यात दोरा नाही.
चिठ्ठी म्हणते नर. मी टाचेवरून अंगठा फिरवला,
दोनदा.
गुळगुळीत.

हा तित्तिर नाही. हा चित्तूर.

तसं दोघांत वैर नाही.
एकाला कोरडं रान लागतं, बोरीबाभळी, वाटेवरची धूळ,
दुसऱ्याला गुडघाभर गवत आणि मुळाशी थोडी ओल.
उडायचा कंटाळा दोघांनाही. आधी धावतात,
अगदीच पायाखाली आलात तर फर्रर्र.
शिजल्यावर फरक कळत नाही, असं परुळेकर म्हणतात,
त्यांच्या आजोबांनी मसुऱ्याला दोन्ही खाल्लेत.
परुळेकर आमचे हेडक्लार्क. स्वतः अंडंही खात नाहीत.

पलटण रोडच्या मागच्या एका गच्चीवर
कुणीतरी चोरून तित्तिर पाळलाय.
दुपारी तीनला तो पिंजऱ्यातून स्वतःचंच नाव पुकारतो,
कतीतर, कतीतर, कतीतर,
बसच्या हॉर्नवर मात करून.
जिवंत असलं की हा एक फायदा.
चिठ्ठी लागत नाही.

सातव्याच्या चिठ्ठीवर इंग्रजीत तित्तिर,
ठिकाण शीव, खाजणाकडचं गवत, साल एकोणीसशे सव्वीस,
खाली साहेबाची ऐटदार सही.
सहज उलटली.
मागे पेन्सिलीने एकच शब्द, मोडीत.

मला मोडी येत नाही.
फोटो काढून आत्याला धाडला;
तिची सगळी नोकरी दफ्तरखान्यात गेली.
तिसऱ्या मिनिटाला उत्तर:
‘चित्तूर. कुणाचं अक्षर? वळण सुरेख आहे.
जेवलीस का?’

कुणाचं ते पगाराच्या वहीत सापडलं, तेही एकदाच.
सोनू बिन धाकू, कातडी सोलणार, रुपये चौदा.
पुढे सही. तोच डावीकडे कललेला हात.

सोमलाची पूड लावताना, कापूस भरताना
त्याचाही अंगठा टाचेवरून फिरला असणार.
तो साहेबाला बोलला का, ठाऊक नाही.
बोलला असेल आणि साहेब हसला असेल.
किंवा बोललाच नसेल, चौदा रुपयांत ते बसत नसेल.
एवढं मात्र केलं:
खरं नाव लिहिलं, सुतळीने पायाला बांधलं,
आणि तोंड खाली करून ठेवलं.
जवळजवळ शंभर वर्षं त्या शब्दावर
एक पक्षी पाठ टेकून पडलाय.

संगणकात दुरुस्तीची चौकट असते.
जुनी ओळख. नवी ओळख. दुरुस्त करणाऱ्याचे नाव.
मी नाव टंकलं.
या नावाचा कर्मचारी आढळला नाही, म्हणाला.
पुन्हा टंकलं. पुन्हा तेच.
शेवटी शेरा या रकान्यात घातलं,
तिथे काहीही चालतं.

चित्तूर वरच्या खणात, छत्तिसात.
दोन्ही तळहातांवर नेला. वजन असं नव्हतंच,
पोस्टकार्डाइतकं.
सदतिसात त्याच्या जागी कापसाला पडलेली खोळ,
ती तशीच ठेवली.

आठवा.
गळ्यात दोरा आहे. आर आहे.
चिठ्ठी उलटून पाहिली. कोरी.
पुढचा.